३०१८ वर ‘गॉड ऑफ वॉर’ची कुऱ्हाड : दोन बाजू जुळेनात, नक्षी सपाट येतेय

भुसाभरला, छत्रपती संभाजीनगर

‘गॉड ऑफ वॉर’च्या २०१८ च्या गेममधली लेव्हायथन कुऱ्हाड घरच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर कोरणाऱ्या मशीनवर, करायलोय. मशीन ३०१८ प्रो : ३०० बाय १८० चा बेड, झेडला ४५ मिमी, ७७५ मोटरची स्पिंडल (बिट फिरवणारा भाग), ईआर ११ कॉलेट (बिटची पकड), जीआरबीएल कंट्रोलर. अक्षाचं टोक ओळखणारे लिमिट स्विच नाहीत. १८ मिमीच्या दोन एमडीएफ चिकटवून ३६ चा ठोकळा केलाय. कुऱ्हाडीचं डोकं २४० बाय १६० मिमी, धारेपाशी जाडी ३ मिमी ठेवायचीय. आधी एक बाजू कोरायची, मग ठोकळा पालथा घालून दुसरी, असं चाललंय.

अडचणी सांगतो. दोन बाजूंच्या कडा जुळत नाहीत, कुठे अर्धा तर कुठे एक मिमीची पायरी पडते. धार ३ ऐवजी दोन-सव्वादोन मिमीच उरते. पात्यावरची गुंफणीची नक्षी स्क्रीनवर खोल दिसते आणि लाकडात जवळपास सपाट उतरते. आर ०.५ च्या (टोकाची त्रिज्या ०.५ मिमी) टेपर बॉलनोज बिटने ०.१ स्टेपओव्हर, म्हणजे दोन फेऱ्यांतलं अंतर, दिला की एका बाजूचं फिनिशिंग आठ तास दाखवतंय, आणि तेवढ्यात लाईट गेली तर सगळं मुसळ केरात. एमडीएफच्या कडांना लव सुटतेय ती वेगळीच.

सागवान घेऊ का? दांड्याचं काय करायचं? आणि रून (जुन्या उत्तर युरोपीय लिपीतल्या) अक्षरांतून निळा उजेड काढायचा असेल तर जागा कुठे ठेवायची?


व्हर्नियर, जालना

पहिल्या दोन अडचणी एकाच जागी जन्मतात. ठोकळा पालथा झाला हे मशीनला कळत नाही, तुम्ही दिलेलं शून्य तेवढं कळतं. ठोकळ्याचा कोपरा शून्य धरून, पालथा घालून, त्याच कोपऱ्याला पुन्हा डोळ्याने बिट टेकवली असणार. करवतीने कापलेली कड सरळ नसते, आणि डोळ्याने टेकवण्यात पाव मिमी सहज जातो. दोन्ही मिळून तुमची पायरी.

कोपऱ्याला शून्य देणं सोडा आणि पिनांवर काम करा. पिना विकत घ्यायच्या नाहीत. मोडलेल्या बिटांचे दांडे ३.१७५ मिमीचेच असतात, तेच १५ मिमी लांबीचे कापून घ्या. कार्बाइड असल्यामुळे हॅकसॉ चालणार नाही, कटिंग डिस्कने कापावं लागतं आणि डोळ्याला चष्मा हवाच.

बेडवर १२ मिमीची एमडीएफ बोल्टने बसवा, बोल्टची डोकी आत बुडवून. ही पाटी कायमची. तिचा वरचा थर मशीननेच ०.३ मिमी सोलून काढा, म्हणजे स्पिंडलची हालचाल आणि पाटी एकमेकांशी समांतर होतील. एक्स-वायचं शून्य बेडच्या मध्यावर द्या आणि ते काम संपेपर्यंत हलवू नका. आता ३.१७५ च्या फ्लॅट बिटने पाटीत दोन भोकं पाडा : एक्स उणे १३५ आणि अधिक १३५, दोन्हींचा वाय शून्य, खोली ६ मिमी. भोक घाईत पाडलं की मोठं होतं. एकेक मिमी खाली जात, दर वेळी बिट वर उचलत पाडा, म्हणजे दांडा घट्ट बसतो.

मग ठोकळा ठेवा, चार कोपऱ्यांना क्लॅम्प लावा. तो नेमका कुठे बसला याला महत्त्व नाही. त्याच आकड्यांवर ठोकळ्यात १० मिमी खोल भोकं पाडा आणि लगेच पहिली बाजू कोरा. आरपार भोक पाडायच्या नादी लागू नका, ३८ मिमी लांबीची बिट ३६ च्या ठोकळ्यातून बाहेर येत नाही. पहिली बाजू झाली की पाटीतल्या भोकांत पिना ठोका, ठोकळा एक्स अक्षाभोवती पालथा घाला आणि पिनांवर दाबून बसवा. भोकं मधल्या रेषेवर असल्यामुळे पालथं घातल्यावरही जागच्या जागी येतात. दोन पिनांत २७० मिमी अंतर असल्यामुळे ठोकळा फिरायलाही वाव राहत नाही.

धारेच्या जाडीचं आता. ३६ म्हणून घेतलेला ठोकळा व्हर्नियरने मोजलात का? बाजारातली १८ ची शीट बऱ्याचदा साडेसतराच्या आसपास भरते. समजा तुमचा ठोकळा ३५.२ आहे आणि मॉडेल ३६ चं. वरच्या पृष्ठभागावर शून्य दिलं तर दोन्ही बाजूंनी १६.५ मिमी खाली जाणार, म्हणजे ३३ गेले आणि उरले २.२. तुमचा आकडा हाच आहे. पाटीवर शून्य दिलं तर उलटं होतं, धार ३.८ ची जाड उरते. ठोकळा चार-पाच ठिकाणी मोजायचा, सरासरी काढायची आणि स्टॉकची जाडी म्हणून तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. झेडचं शून्य पाटीवर द्या, कारण वरचा भाग कोरून गेल्यावर बिट बदलली की पुन्हा टेकवायला जागाच उरत नाही.


पटाशी, लातूर

व्हर्नियर सांगतायत ते बरोबर आहे, पण मोठ्या राऊटरवर. ३०१८ वर ३६ चा ठोकळा पालथा घालू नका असं माझं ठाम मत आहे.

दुसरी बाजू कोरताना पात्याखाली काय असतं ते बघा. पहिल्या बाजूने १६.५ मिमी खाल्लेलं, म्हणजे खाली पोकळ. वर उरलेलं ३ मिमीचं पातं ढोलाच्या कातड्यासारखं थरथरतं. फिनिशिंगच्या रेषा धारेजवळ लाटांसारख्या दिसतात त्या यामुळेच, तिथे फीड (बिट सरकण्याचा वेग) कमी करूनही फरक पडत नाही. शिवाय १६ मिमी खोल उतरताना ईआर ११ ची नट मधल्या जाड भागाला घासू शकते. कॅममध्ये (बिटची वाट आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) होल्डरचा आकार भरला नसेल तर सॉफ्टवेअर त्याची सूचनाही देणार नाही.

त्यापेक्षा डोकं मधोमध उभं चिरा. १८-१८ चे दोन अर्धे, पाठ सपाट, एक अर्धा दुसऱ्याचा आरसा. पाठीला आणि पाटीला मास्किंग टेप लावा, नखाने घासून बसवा, दोन टेपांच्या मध्ये फेविक्विकच्या रेघा ओढून मिनिटभर दाबा. क्लॅम्प लागत नाहीत आणि अख्ख्या पाठीला आधार मिळतो. धारेला प्रत्येक अर्ध्याची जाडी १.५ मिमी राहते, पण खाली पाटी असल्यामुळे ती हलत नाही. काढताना मात्र ओढू नका, पुट्टीची पातळ पट्टी टेपखाली सरकवत काढा, नाहीतर धारेचा टवका गेलाच.

पिनांची युक्ती इथेही वापरायची. कडेच्या वाया जाणाऱ्या भागात, त्याच अधिक-उणे १३५ वर, प्रत्येक अर्ध्याला आरपार भोक. १८ मिमीला बिट पुरते. बाहेरची कड पूर्ण कापू नका, ६ मिमी रुंद आणि २ मिमी जाड असे चार-पाच टॅब ठेवा, म्हणजे डोकं चौकटीतच राहील. दोन्ही चौकटी पाठीला पाठ लावून पिना घाला, पांढरा फेविकॉल पातळ पसरा, क्लॅम्प कसून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी टॅब करवतीने कापून कानशीने साफ करा. गोंद जास्त झाला तर अर्धे एकमेकांवर घसरतात आणि पिनाही चिकटून बसतात, म्हणून पिनांना आधी मेण चोळा.

तुमचे आठ तास हा स्टेपओव्हरचा घोळ आहे. दोन फेऱ्यांमध्ये उरणाऱ्या कंगोऱ्याची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले टोकाच्या त्रिज्येची आठ पट. आर ०.५ ला ०.२ दिला तर कंगोरा ०.०१ मिमी येतो. आर १ ला ०.२८ दिला तरी तेवढाच येतो. ०.१ देऊन तुम्ही कंगोरा अडीच मायक्रॉनवर नेताय. एमडीएफचा धागाच त्याच्यापेक्षा जाड, तेव्हा ते दिसणार कुणाला? २४० बाय १६० चं क्षेत्र ८०० मिमी प्रतिमिनिट फीडने आर ०.५ आणि ०.२ ला ४ तास घेतं, आर १ आणि ०.२८ ला पावणेतीनच्या थोडं वर. हे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात जास्त लागतं, कारण ३०१८ चा अ‍ॅक्सिलरेशन कमी असतो आणि नक्षीच्या प्रत्येक चढउताराला मशीन वेग सोडतं. म्हणून अख्खं पातं आर १ ने घ्या आणि नक्षीभोवती हद्द आखून तेवढंच आर ०.५ ने. रून तर बॉलनोजने काढूच नका. ६० अंशाची व्ही बिट, १.५ मिमी खोली, वर १.७३ मिमी रुंदीची स्वच्छ रेघ मिळते.

रफिंग (आधीची ढोबळ कोराई) : ३.१७५ ची दोन धारांची फ्लॅट, एका थराला १ मिमी, स्टेपओव्हर १.३, फीड ७००, आरपीएम १०,०००. वर ०.५ मिमी शिल्लक. लाकडात थर ०.८ करा. लाकडाचा कीस पडला पाहिजे. पीठ पडायला लागलं तर बिट कापत नाही, घासतेय. तेव्हा आरपीएम उतरवा किंवा फीड वाढवा. एमडीएफचं पीठच पडतं, तिथे मशीन थांबवून बिट किती तापली ते बघा.


पॉलिगॉन, नांदेड

नक्षी सपाट येण्यात मशीनचा काही दोष नाही. गेममधून काढलेली फाईल वापरताय ना? गेमच्या मॉडेलमध्ये पृष्ठभागाचे त्रिकोण मुद्दाम कमी ठेवलेले असतात, आणि गुंफण, ओरखडे, रून हे सगळं नॉर्मल मॅप नावाच्या चित्रात असतं. ते चित्र उजेड कसा परतवायचा एवढंच सांगतं, तिथे उंची नसते. स्क्रीनवर खोल दिसणारी नक्षी एसटीएलमध्ये (नुसत्या आकाराच्या फाईलमध्ये) नसतेच. सॉफ्टवेअरमध्ये टेक्श्चर बंद करून नुसता राखाडी आकार बघा, लगेच कळेल.

काही जण नॉर्मल मॅपलाच उंचीचं चित्र समजून कोरतात. तसं केलं की रेषेची एक बाजू वर आणि दुसरी खाली जाते, उठाव तिरका पडतो. गेमच्या फाईलबरोबर वेगळा हाइट मॅप आला असेल तर ब्लेंडरमध्ये पृष्ठभाग बारीक विभागून डिस्प्लेस मॉडिफायरने तो उठवता येतो. नसेल तर नक्षी इंकस्केपमध्ये रेषांनी पुन्हा काढणं हाच खात्रीचा मार्ग. गुंफणीत एकच पट्टा वर-खाली जातो, अर्धा दिवस पुरतो. २ मिमीपेक्षा अरुंद चर ठेवू नका, आर ०.५ ची बिट तळाला १ मिमी असली तरी टेपरमुळे वर रुंद होत जाते.

छापण्यासाठी म्हणजे थ्रीडी प्रिंटरसाठी केलेली मॉडेल्स मिळतात, त्यात नक्षी खरी असते. फक्त खाली वळलेल्या खोबणी बघा. तीन अक्षांच्या मशीनची बिट वरूनच उतरते, तिला आत वळता येत नाही. तिथे उभी भिंत मिळेल.

राखाडी चित्रावरून कोरत असाल तर ८ बिटच्या चित्रात २५६ च पायऱ्या असतात. १६.५ मिमी खोलीला एक पायरी ०.०६ मिमीची होते, पात्याच्या उतारावर ती नकाशातल्या रेषांसारखी दिसते. १६ बिट पीएनजी घ्या. जेपीजी तर नकोच, चौकोनी डाग लाकडातही उमटतात.

आणखी एक. उठाव मापात ठेवला की लाकडात तो मेलेला दिसतो, कारण गेमची प्रकाशयोजना तुमच्या खोलीत नाही. मूळ नक्षी १ मिमी असेल तर दीड ते दोन मिमी करा.

फ्यूजन ३६० ची वैयक्तिक वापराची मोफत आवृत्ती असेल तर हेही लक्षात असू द्या : २०२० नंतर तिच्यातून निघणाऱ्या कोडमध्ये जी ० च्या जलद हालचाली मिळत नाहीत, आणि एका फाईलमध्ये एकापेक्षा जास्त बिटा देता येत नाहीत. रफिंग, आर १, आर ०.५ आणि व्ही बिट अशा वेगळ्या फाईली काढा.


फेज न्यूट्रल, बीड

लाईटवर उपाय आहे. ३०१८ चा अडॉप्टर साधारण २४ व्होल्ट ५ अँपिअरचा, म्हणजे १२० वॅट. घरचा इन्व्हर्टर हे ओझं सहज ओढतो. त्याच्या मागे यूपीएस आणि साधा असा स्विच असतो, तो यूपीएसवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलायला जो वेळ जातो तेवढ्यात कंट्रोलर रिसेट होतो. लॅपटॉपही त्याच बोर्डावर घ्या आणि त्याचा स्लीप मोड बंद करा.

इन्व्हर्टर नसेल तर काम पुन्हा सुरू करायची सोय आधीच करून ठेवावी लागते. लिमिट स्विच नसल्यामुळे जी ५४ मध्ये साठवलेला ऑफसेट (कामाच्या शून्याची जागा) उपयोगाचा नाही. मशीन जिथे बंद पडलं तीच जागा चालू होताना शून्य धरतं. कामाच्या सुरुवातीलाच चौकटीत, पिनांपासून दूर, ठाऊक असलेल्या आकड्यावर ३.१७५ चं ५ मिमी खोल भोक पाडा. वीज आली की फ्लॅट बिट लावून ती त्या भोकात हाताने उतरवा. अडखळल्याशिवाय आत गेली की तो आकडा भरायचा, एक्स-वाय सापडले. झेड पाटीवर कागद ठेवून. मग जिथे तुटलं त्याच्या पन्नासेक ओळी आधीपासून सुरू करा. पण त्याआधी जी २१ (मापं मिमीत), जी ९० (अंतरं शून्यापासून), स्पिंडल चालू करणारा एम ३ आणि फीडचा आकडा स्वतः पाठवा, झेड वर उचलून. मधूनच सुरू केलेल्या फाईलला या गोष्टी आठवत नाहीत आणि बंद स्पिंडलने बिट लाकडात घुसते.

बिट बदलताना स्पिंडल सरकतेय का तेही बघा. जीआरबीएलमध्ये $१ ची किंमत २५५ करा. मूळ सेटिंगला मोटर थांबली की सैल सुटते आणि नट आवळताना स्पिंडल ढकलली जाते. तुमच्या पायरीत याचाही वाटा असू शकतो. $३२ शून्य असू द्या, तो लेझरसाठी आहे.

मधेच कनेक्शन तुटत असेल तर स्पिंडलचा खरखराट यूएसबीत शिरतोय. केबल आखूड, फेराइट असलेली, स्पिंडलच्या वायरपासून लांब. व्हॅक्यूमच्या प्लॅस्टिक पाइपात कोरड्या हवेत स्थिर वीज साठते, त्यात तांब्याची उघडी तार ओढून अर्थिंगला जोडा. आपल्याकडे मे महिन्यात जमीन भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतल्याशिवाय ते अर्थिंग नावालाच. आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी मशीन चालवणार असाल तर ड्रायव्हरवर पंखा हवा. ड्रायव्हर तापला की मोटर मधेच सोडतो. खूण सोपी : त्या क्षणापासून पुढचं सगळं काम एका बाजूला सरकलेलं दिसतं. फक्त दिशा बदलतानाच चूक येत असेल तर तो नटचा ढिलेपणा, त्याचा ड्रायव्हरशी संबंध नाही.


सागवानी, किनवट

सागवान घ्या म्हणायला आवडलं असतं, पण या कामाला पहिली कुऱ्हाड एचडीएमआरमध्ये (दाट, ओलावा सोसणाऱ्या बोर्डात) करा. साध्या एमडीएफपेक्षा घट्ट, कड धरते, प्लायवूडच्या दुकानात मिळते. पातं शेवटी रंगाखालीच जाणार आहे, तिथे सागाची रेषा झाकून काय मिळवणार?

सागच हवा असेल तर दोन गोष्टी. त्यात सिलिका असते, हायस्पीड स्टीलची बिट लवकर बोथट होते. कार्बाइडच वापरा आणि फिनिशिंगची बिट रफिंगला लावू नका. दुसरं, साग तेलकट असतो, चिकटवण्याआधी पाठ थिनरने पुसली नाही तर जोड महिन्या-दोन महिन्यांत उकलतो. माळवदाची जुनी घरं पाडली की तुळया विकायला निघतात, ते लाकूड पक्कं वाळलेलं असतं आणि स्वस्त पडतं. पण आधी चुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा असला तर ३ मिमीची बिट जागेवर जाते. लाकूड कुठलंही असो, दोन्ही अर्ध्यांचं रफिंग करून एक रात्र सोडा, मग फिनिशिंग. वरचा थर निघाला की लाकूड थोडं वळतं, ते आधीच वळू द्यावं.

एमडीएफच्या लवेसाठी फिनिशिंगच्या आधी चपडा (लाख) मारा. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये ६० ग्रॅम चपडा विरघळवायचा, रफिंग झालेल्या भागावर ब्रशने पाजायचा, पूर्ण सुकला की फिनिशिंग चालवायचं. धागे ताठ होतात आणि बिट ते कापते, नुसते झोपवत नाही. बाहेरच्या कडेला अपकटऐवजी डाउनकट (कीस खाली ढकलणारी) बिट वापरलीत तर वरचा काठ पिंजत नाही. मास्क एन ९५ चा, ओढणी-रुमाल नको. त्या भुशात गोंदही आहे.

दांडा मशीनवर करू नका. ९० सेंमीचा दांडा ३०० च्या बेडवर तीन तुकड्यांत, दोन-दोन अर्धे, म्हणजे सहा भाग. कशाला? आठवडी बाजारात कुऱ्हाडीचा बाभळीचा दांडा मिळतो, खऱ्या कुऱ्हाडीचाच. हवा तो बाक बघून निवडा आणि रंध्याने उतरवा. डोक्याच्या दोन्ही अर्ध्यांच्या पाठीत दांड्याचं घर मशीनने कोरून घ्या, दांड्याच्या टोकापेक्षा ०.३ मिमी मोठं. मुठीला गुंडाळायला बैलांच्या साजाच्या दुकानातली चामड्याची वादी. पोळ्याच्या सुमारास निवड भरपूर असते. गुंडाळण्याआधी वादी पाण्यात भिजवा, वाळताना ती स्वतःच आवळते.

रंग : सीलर, ३२० चा पेपर, पुन्हा सीलर, मग मॅट काळा. त्यावर ग्रॅफाइटची पावडर बोटाने घासा, फक्त उठलेल्या भागांवर. चांदीच्या स्प्रेपेक्षा हे लोखंडासारखं दिसतं. वर मॅट लॅकर मारलं नाही तर हात काळे होत राहतात. स्प्रे सकाळी मारा. भर उन्हाळ्यात दुपारी रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. पावसाळ्यात उलट, लॅकरवर पांढुरकी झाक चढते.


भुसाभरला

सगळ्यांचे आभार. दोन अर्धेच करतो. उजेडाचं राहिलं. आणि एवढं सगळं करण्यापेक्षा देव्हाऱ्याची जाळी कापणाऱ्याकडे फाईल देणं शहाणपणाचं का?


पटाशी, लातूर

दोन अर्ध्यांमुळे उजेड सोपा झाला. पाठीच्या बाजूने रूनच्या मागे ८ मिमी खोल, १० रुंद चर घ्या आणि रून २ मिमी रुंदीने आरपार कापा. व्ही बिटची रेघ मग लागत नाही. पण ‘ओ’सारखं मधे बंद बेट असलेलं चिन्ह आरपार कापलं तर मधला तुकडा पडतो, त्याला एक पूल ठेवा. पुढून टेप लावून मागून पारदर्शक इपॉक्सी ओता, त्यात चिमूटभर पांढरा रंग. काचेसारखं पारदर्शक ठेवलं तर आतले एलईडी ठिपक्यांसारखे दिसतात. निळ्या एलईडीला ३ व्होल्टच्या थोडं वर लागतं, ३.७ व्होल्टच्या सेलवर प्रत्येकाला ६८ ओहमचा रेझिस्टर लावा, करंट १० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. वायर दांड्याच्या घरातून खाली घ्या, सेल मुठीत. चिकटवण्याआधी रात्रभर पेटवून बघा, नंतर उघडता येत नाही.

हा चर कोरायला अर्धा पालथा घालावा लागतो, तेवढं पिनांवर करा. इथे अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी चालतं.

जाळीवाल्यांकडे बहुतेक १३२५ मशीन असतं, १३०० बाय २५०० चा बेड. रफिंग आणि कड ते तासाभरात उडवतील, पण त्यांचं रोजचं काम ६ मिमी बिटचं, आणि आर ०.५ ला तीन तास मशीन अडकवायला कुणी सहज तयार होत नाही. पूर्ण आकाराची एक मीटर तलवार असती तर त्यांच्याकडेच जा म्हणालो असतो.


फेज न्यूट्रल, बीड

लाकडी आहे तोवर ठीक. उद्या हौसेने लोखंडी पातं करून धार लावलीत तर ते १९५९ च्या शस्त्र कायद्यात येऊ शकतं. लाकडीसुद्धा एसटीत किंवा रेल्वेत उघडी नेऊ नका, डोकं आणि दांडा वेगळे होतील असाच जोड ठेवा, बिनचिकट, दोन स्क्रूवर.


व्हर्नियर, जालना

दोन अर्धे केले म्हणून काटकोनाची चूक टळत नाही, हे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एक्स आणि वाय एकमेकांशी ९० अंशात नसतील तर दोन्ही अर्धे एकाच दिशेला कलतात, आणि पाठीला पाठ लावली की एक डावीकडे, एक उजवीकडे.

तपासायला टाकाऊ एमडीएफवर चार भोकं पाडा : २०० बाय १५० चा आयत. दोन्ही कर्ण २५० यायला हवेत. भोकांत बिटांचे दांडे उभे करून बाहेरून बाहेर मोजा आणि ३.१८ वजा करा. व्हर्नियर १५० चा असेल तर स्टीलची पट्टी वापरून निदान दोन कर्णांतला फरक काढा. अर्धा मिमी फरक म्हणजे मधल्या रेषेपासून ८० मिमीवर, पात्याच्या टोकांना, ०.३३ मिमीची पायरी. ०.१ च्या आत आलं की सोडून द्या, तेवढं पेपरने जातं.

फरक जास्त असेल तर गँट्रीचे (स्पिंडल धरणाऱ्या कमानीचे) खांब ज्या बोल्टांनी खालच्या प्रोफाइलला धरलेत ते सैल करा, मोठा कर्ण मागच्या ज्या कोपऱ्यात जातो त्या बाजूचा खांब किंचित पुढे सरकवा, गुण्या लावून आवळा आणि पुन्हा चार भोकं. दोन्ही कर्ण सारखे असूनही २५० च्या ऐवजी २५१ आले तर काटकोन बरोबर आहे, पावलांचा आकडा चुकलाय. $१०० आणि $१०१ (एक्स आणि वायची एका मिमीला लागणारी पावलं) साधारण ८०० असतात. हवा तो आकडा भागिले मिळालेला आकडा, गुणिले ८००. एक्स आणि वायची लांबी वेगवेगळी मोजून दोन्ही स्वतंत्र सुधारा, दोन्हीला एकच आकडा टाकू नका.